खिशातला कॅमेरा घ्यायचाय? दुकानाआधी फोनची गॅलरी उघडा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली आणि म्हणाली, "मावशी, छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?" फर्ग्युसनमधल्या तिच्या मैत्रिणीकडे वीसएक वर्षांपूर्वीचा चंदेरी डिजिकॅम आहे. त्यातले फोटो कसे 'जुने-जुने' दिसतात, हे तिला भारी वाटत होतं. मी म्हटलं, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी तुझा फोन दे.

तिच्या गॅलरीतले शेवटचे २०० फोटो आम्ही मोजले. स्क्रीनशॉट आणि वर्गातल्या नोट्सचे फोटो सोडून दिले. वहीत तीन प्रश्न लिहिले आणि प्रत्येक फोटोसाठी रेघा मारत गेलो: समोरचं माणूस किंवा वस्तू किती लांब होती, उजेड कसला होता, आणि ते हलत होतं का. अर्धा तास लागला. १३४ फोटो दोन-तीन मीटरच्या आतले निघाले, म्हणजे मैत्रिणी, मांजर, मिसळीचं ताट. ९१ फोटो दिवे लागल्यानंतरचे. झूम करून काढलेले १७, त्यातले अकरा चंद्राचे आणि अकराच्या अकरा वाया गेलेले.

कॅमेरा ठरतो तो या वहीत. दुकानात जे डोळ्यांत भरतं, चाळीस पट झूम वगैरे, त्याचा आपल्या या दोनशे फोटोंशी संबंध असतोच असं नाही. माझा तर नव्हताच. मी पहिला कॅमेरा हौसेनं घेतला तो तीस पट झूमचा. त्या वर्षी विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर ओळखीच्यांच्या गॅलरीत उभं राहायला जागा मिळाली होती. रात्री ढोलपथकावर झूम करून शंभरेक फोटो काढले. घरी येऊन बघते तर ना ढोल, ना टिपरू, नुसते भगवे फराटे.

तुमच्या वहीत बहुतेक फोटो भर उन्हातले, ऐसपैस देखाव्याचे, व्हॉट्सॲपवर पाठवून विसरून जायचे असे निघाले, तर मात्र कॅमेरा घेऊच नका. त्या कामाला हातातला फोन पुरे आहे.

इंच म्हणजे इंच नव्हे

हा भाग जरा किचकट आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

सेन्सर म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे बसलेला तुकडा. तो जितका मोठा तितका उजेड जास्त गोळा होतो आणि अंधुक फोटोत रवाळ कण, म्हणजे नॉइज, तितका कमी दिसतो. त्याचं माप मात्र विचित्र लिहितात: १/२.३ इंच, १ इंच. टीव्हीच्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, तेव्हाचा हा हिशेब आहे. माप धरायचे नळीच्या बाहेरच्या व्यासाचं, चित्र उमटायची जागा त्याहून बरीच लहान. नळ्या गेल्या, पद्धत राहिली. त्यामुळे आजचा 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी असतो, कर्ण जेमतेम १६ मिमी.

तेव्हा इंच विसरा, क्षेत्रफळ धरा. १/२.३ इंची सेन्सर सुमारे २८ चौरस मिमी, एक इंची ११६; त्याहून मोठ्या मापांची नावं मायक्रो फोर थर्ड्स, २२५, आणि एपीएस-सी, ३७० च्या आसपास. आणि महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात हल्ली १/१.३ इंचाच्या जवळपासचा सेन्सर असतो, म्हणजे साधारण ७० चौरस मिमी. दुकानात 'कॅमेरा' म्हणून समोर ठेवलेल्या १/२.३ इंची डब्याचा सेन्सर त्याच्या निम्माही भरत नाही! शिवाय फोन एका क्लिकमागे अनेक फोटो घेऊन, ते एकावर एक रचून नॉइज पुसून टाकतो. चांगला फोन असताना संध्याकाळच्या फोटोंसाठी असा डबा घेणं म्हणजे पदरचे पैसे घालून मागे जाणं.

जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. साधे, स्वस्त, छोटे कॅमेरे फोननं गिळले. म्हणून आज बाजारात दोन टोकं उरली आहेत: मोठ्या सेन्सरचे महाग कॅमेरे, आणि जुन्याच मालमसाल्यावर चालणारे स्वस्त. मधला, आईबाबांनी लग्नकार्यासाठी घेऊन ठेवलेला तो सर्वगुणसंपन्न कॅमेरा, तो आता नवा मिळत नाही.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नका. २० मेगापिक्सेलमध्ये १२ बाय १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्वच्छ छापता येतो. त्याहून मोठा फोटो आपण घरात लावतो कधी?

झूमचा आकडा आणि त्याच्या शेजारचा आकडा

खोक्यावर '२४-१०० मिमी' असं काहीतरी असतं. हे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगितलेलं असतं, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांची तुलना एकाच पट्टीनं करता येते. २४ मध्ये वाड्याचा अख्खा दिंडी दरवाजा मावतो. २८ फोनच्या रोजच्या दृश्याच्या जवळचं. ३५ म्हणजे टेबलापलीकडे बसलेला माणूस आणि त्याच्या मागचं हॉटेल. ७० ते १०० चेहऱ्यांसाठी. २०० ला पालखीच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडच्या वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का टिपता येतो. भिगवणचे रोहित हवे असतील तर ४०० च्या पुढे जावं लागतं, आणि तिथे मात्र माझा तो तीस पट झूमवाला सकाळच्या उन्हात बरा चालला. कॅमेरा वाईट नव्हता, मी त्याला रात्रीच्या कामाला लावला होता.

आता दुसरा आकडा, लेन्सभोवती कोरलेला: १:१.८-२.८. हे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत यायची खिडकी. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमला. आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. हिशेब वर्गाचा आहे, म्हणून बारीक दिसणारा फरकही भलता पडतो.

मंडईत दिवेलागणीनंतर गाळ्यावरच्या मावशींचा फोटो घ्यायचाय असं धरा. २.८ ॲपर्चर, शटर (उजेड आत येऊ द्यायचा वेळ) १/६० सेकंद, आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा; तो चढला की नॉइजही चढतो) १६०० एवढ्यात माझं काम भागतं. तीस पट झूमच्या कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण झूमला साधारण ६.४ वर येते. ६.४ भागिले २.८, त्याचा वर्ग, म्हणजे पाचपट कमी उजेड. तोच फोटो तसाच हवा तर आयएसओ ८३०० च्या घरात न्यावा लागेल. इवल्या सेन्सरला ते झेपत नाही, म्हणून कॅमेरा आयएसओ ३२०० वर थांबतो आणि शटर १/२५ च्याही खाली उतरवतो. तेवढ्या वेळात ढोलावर टिपरू पडून वरही गेलेलं असतं. माझे भगवे फराटे आले ते इथून.

विक्रेते अशा वेळी 'स्टॅबिलायझेशन आहे की' म्हणतात. असतं, आणि उपयोगीही असतं. पण ते आपला हात सावरतं, ताशेवाल्याचा नाही.

डिजिटल झूमचा, म्हणजे काढलेला फोटो नुसता कापून मोठा करण्याचा, आकडा वेगळा लिहिलेला असेल तर त्यावर नजरही टाकू नका.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी

मे महिन्यात दुपारी शनिवारवाड्याच्या पटांगणात उभं राहून मागच्या स्क्रीनवर काही दिसतं का बघा. स्वतःचाच चेहरा दिसतो. बाहेर उन्हात काढलेल्या फोटोंच्या रेघा वहीत जास्त असतील तर डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, लागेलच. संध्याकाळवाल्यांना तिच्याविना चालतं. गर्दीत हात उंचावून फोटो काढणाऱ्यांना, आणि लहान मुलांच्या उंचीवर यायचं पण गुडघे ऐकत नाहीत अशा माझ्यासारख्यांना, वाकणारा स्क्रीन हवा.

खिशाची परीक्षा खरोखर खिशात घालून करा. रिको जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, सोनी आरएक्स१०० मार्क ७ (मार्क म्हणजे आवृत्ती) साधारण ३०२, फुजीफिल्म एक्स१००व्हीआय ५२१. पहिले दोन जीन्सच्या खिशात जातात. तिसऱ्याला गळ्यात पट्टा किंवा झोळी लागते, आणि झोळीतला कॅमेरा भाजी आणायला जाताना घरी राहतो.

बॅटरी हे छोट्या कॅमेऱ्यांचं कायमचं दुखणं. कंपनीच्या हिशेबानंच जीआर ३ एका चार्जमध्ये २०० फोटो देतो, आरएक्स१०० मार्क ७ २६० देतो. एक जादा बॅटरी किमतीत धरूनच चला.

मग कुठला?

वहीत जवळचे आणि संध्याकाळचे फोटो जास्त असतील, आणि झूमची सवय नसेल, तर रिकोचे जीआर. एपीएस-सी सेन्सर, २८ मिमी, २.८ ॲपर्चर, झूम अजिबात नाही. जीआर ३ २०१९ चा, ४० मिमीवाला ३एक्स २०२१ चा, आणि २०२५ मध्ये जीआर ४ आला. या कॅमेऱ्यांत फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन वाकत नाही. पण 'स्नॅप फोकस' आहे. अंतर २ मीटर आणि ॲपर्चर ५.६ ठेवलं, तर साधारण सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंतचं सगळं आधीच फोकसमध्ये असतं. बटण दाबलं की फोटो. तुळशीबागेतल्या गर्दीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

जवळचं, चेहरे, प्रवास, थोडा व्हिडिओ असं सगळं मिसळलेलं असेल तर एक इंची सेन्सर आणि १.८-२.८ ची लेन्स. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतले ३, ४ आणि ५ हे मार्क २४-७० चे, कॅननचे जी७एक्स मार्क २ आणि ३ हे २४-१०० चे. सोनीत वर येणारा व्ह्यूफाइंडर आहे, कॅननच्या या दोघांत नाही. बहुतेक घरांसाठी माझं मत इथेच पडतं. मात्र कॅननला रील्सवाल्यांनी डोक्यावर घेतल्यापासून तो भाव खातोय. जुना जवळजवळ नव्याच्या किमतीत मागत असतील तर मुकाट्यानं पुढं चालू लागा.

मुलांची स्नेहसंमेलनं बाराव्या रांगेतून टिपायची असतील तर आरएक्स१०० मार्क ६ किंवा ७, २४-२०० मिमी, २.८-४.५. त्यातही रंगमंचावर उजेड नीट असेल तरच जमेल.

पावसाळ्यात दर रविवारी सह्याद्रीत चिखल तुडवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ऑलिंपसचा टीजी-६ किंवा २०२३ चा ओएम सिस्टिम टीजी-७. सेन्सर तोच इवला १/२.३ इंची, पण १५ मीटर पाण्याखाली चालतो, झूम आतल्या आत होत असल्यानं लेन्स बाहेर येत नाही, आणि ओल्या पानावरचा किडा अगदी नाकाशी जाऊन टिपतो. अंधारात जे गमावलं ते अंधारबनाच्या पावसात वसूल होतं.

एक्स१००व्हीआय सुंदर आहे, यात वाद नाही. दीड लाखाच्या पुढे किंमत आणि बऱ्याचदा वाट पाहण्याची यादी. पहिलाच कॅमेरा म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही.

दुकानात

पेठांतल्या किंवा कॅम्पातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. काउंटरवरचा नमुना कॅमेरा दाखवतात तेव्हा विचारा, "माझं कार्ड घालून चार फोटो काढू का?" नीट विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. पण दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. दुकानातला सगळ्यात अंधारा कोपरा झूम न करता टिपा, तोच पूर्ण झूमला टिपा, मग बरोबरच्या माणसाला चालायला लावून त्याचा घ्या, आणि दारातून बाहेरचा रस्ता. घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. कॅमेऱ्याचा स्क्रीन सगळ्यांनाच गोड दाखवतो.

नवा घेताना खोक्यावरचं लेबल वाचा. आयात केलेल्या मालावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. लेबलच नसेल आणि किंमत चांगलीच उतरलेली असेल, तर तो ग्रे माल, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आणलेला. कंपनीची इथली वॉरंटी त्याला मिळेल या भरवशावर राहू नका. बिलावर जीएसटी आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या. 'विदाउट बिल इतके कमी' हे वाक्य ऐकलं की मी कॅमेरा परत ठेवते.

जुना घेताना

जुना घ्यायला माझी हरकत नाही. माझा सध्याचा जुनाच आहे. पण एकदा फसले. दुकानात बसून काढलेले फोटो झकास होते. पुढच्या रविवारी सिंहगडावर निळ्या आभाळाचा फोटो काढला आणि उजव्या कोपऱ्यात राखाडी डाग. दुसऱ्या फोटोतही तिथेच. सेन्सरवर धूळ बसलेली. घरात ॲपर्चर उघडं असताना अशी धूळ पसरट होऊन लपते, ॲपर्चर बारीक केलं की डाग होऊन उठते. आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, म्हणजे साफ करायची तर सगळा कॅमेरा खोलायचा.

तेव्हापासून पहिली परीक्षा हीच: ॲपर्चर सगळ्यात बारीक, ११ किंवा १६, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो. मग कॅमेरा दहा वेळा चालू-बंद. लेन्स अडखळली किंवा खरखरली तर नको. लेन्सच्या नळीच्या सांध्यात बोट फिरवून बघा. गुलाबी पूड निघाली तर तो मिरवणुकीत नाचून आलाय, आत गुलाल असणार. मोबाइलची टॉर्च लेन्सवर तिरपी मारली की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का पाहा. ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. शेवटी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवून समोरून सरळ फोटो घ्या. एकाच बाजूची अक्षरं पुसट आली तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे.

भाचीला हवा होता तसा वीस वर्षांपूर्वीचा डिजिकॅम रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात एखाद्या चादरीवर दिसतो, किंवा कुणाच्या तरी माळ्यावर असतो. गंमत म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त आधी कार्डाचं झाकण उघडा. त्या काळच्या ऑलिंपस आणि फुजीच्या कित्येक कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागायचं, सोनीत मेमरी स्टिक. दोन्ही आता शोधत फिरावं लागतं. एसडी कार्ड लागत असलं तरी खूप जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं कार्ड कळत नाही. बॅटरी फुगलेली असेल आणि नवी मिळत नसेल तर ते शोकेसमध्ये ठेवायचं खेळणं. पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर उत्तम.

घरी आणल्यावर

तारीख-वेळ लावा. हे काम आज नाही झालं तर वर्षानं फोटो लावताना रडाल. मग ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्यानं) आणि ऑटो आयएसओ (आयएसओही कॅमेऱ्यानंच). आयएसओची वरची मर्यादा एक इंची सेन्सरला ३२००, एपीएस-सीला ६४००. शटर किमान १/१२५, ढोलपथक किंवा घरातलं पळतं मूल असेल तर १/२५०. दिव्यांची आरास, पणत्या, मंडपातली मूर्ती यांना कॅमेरा हमखास जास्त उजळ करतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ करा, ज्योत ज्योतीसारखी दिसेल. कार्ड ६४ जीबीचं पुरतं, ओळखीच्या दुकानातून घ्या. नकली कार्डं फार आहेत.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून देऊ नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा आणि ती पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. बुरशीला अंधार आणि दमट, बंद हवा मानवते.

भाचीनं अखेर एक इंची सेन्सरचा जुना आरएक्स१०० मार्क ३ घेतला. भिंतीचा फोटो तिनं ११ ॲपर्चरला विक्रेत्यासमोरच काढला, मी काही न सांगता. त्यानंतर महिनाभरानं तिनं चंद्राचा एक फोटो पाठवला. ७० मिमीला तो तांदळाच्या दाण्याएवढा आलाय, पण त्याच्या खाली झेड ब्रिजवर रांगेनं बसलेली पोरं मात्र एकूण एक ओळखू येतात.